ग्लासगोतली पसंती

“डोळा बघ त्याचा,” यमूआत्या म्हणाली. “डोळा चकचकीत हवा आणि कल्ला लालभडक. बर्फावरचा मासा म्हणजे दुपारी लवंडलेला नवरा. नुसता निजलाय की गेलाय, हे बघणाऱ्याला कळायला हवं.”

तिने अंगठ्याने बांगड्याचा कल्ला उचलून तो माझ्या नाकासमोर धरला. काउंटरपलीकडे रबरी एप्रन बांधून उभी असलेली मासेवाली मोइरा मोठ्याने हसली. मराठीतले अक्षरही तिला कळत नव्हते. पण हे वाक्य तिने बहुधा इंग्रजीतून पूर्वी ऐकले असावे.

ग्लासगो शहराच्या पश्चिम भागातल्या त्या दुकानात शनिवारच्या सकाळी दाराबाहेरपर्यंत रांग होती. रांगेतल्या कोणालाही माशाला हात लावण्याची मुभा नव्हती. आत्याला होती. ती तीस वर्षे तिथल्या इस्पितळात सुईण होती आणि मोइराच्या दोन्ही मुली तिच्याच हातांवर जगात आल्या होत्या.

“राजापूरच्या बाजारात ह्याच्यासाठी बायका भांडायच्या,” आत्या मला म्हणाली. “इथे ह्याला कुणी विचारीत नाही. सगळे त्या पांढऱ्याफटक हॅडॉकच्या मागे. जाऊ देत. आपल्या वाट्याला येतोय ना!”

बांगडे साफ करता करता मोइराने माझ्याकडे पाहिले. तिचे ते पाहणे वरपासून खालपर्यंत होते आणि ते लपवण्याचा तिने प्रयत्न केला नाही.

“तर ही भाची,” ती म्हणाली. “रात्री फोन बंद करून झोपतेस का गं, हेन?”

हेन म्हणजे कोंबडी. ग्लासगोत बाईमाणसाला मायेने अशीच हाक मारतात, हे मला आत्याने नंतर सांगितले. त्या क्षणी मी फक्त प्रश्नाचे उत्तर दिले. “नाही. प्रयोगशाळेतली काही उपकरणं रात्रभर चालू असतात. बिघाड झाला तर मला कळवतात.”

“आणि मग तू काय करतेस?”

“आधी विचारते, नक्की काय झालंय. मग निघते.”

“आधी विचारते,” मोइरा स्वतःशीच पुटपुटली आणि पुडक्यात एक बांगडा जास्तीचा टाकला.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मी मापनशास्त्रात काम करते. वजने, तापमापक, दाबमापक खरे बोलतात की नाही हे तपासणे हा माझा व्यवसाय. त्या जूनमध्ये एडिंबरातली एक परिषद शुक्रवारी संपत होती आणि ग्लासगो तिथून रेल्वेने तासाभरावर होते. माझा धाकटा भाऊ उदय याने हा योग दैवी मानला. मी तो वेळापत्रकाचा मानला.

आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची होती, निपुत्रिक होती आणि यजमान गेल्यापासून दुसऱ्या मजल्यावरच्या घरात एकटी राहत होती. एप्रिलमध्ये तिने ठाण्याला उदयकडे फोन करून सांगितले, “दादाला दे जरा. आज त्याचा वाढदिवस ना!” दादा म्हणजे तिचे थोरले भाऊ, आमचे वडील. तारीख अचूक होती. परंतु वडील जाऊन दोन वर्षे झाली होती आणि तेव्हा आत्या स्वतः तेराव्यापर्यंत ठाण्यात राहून गेली होती.

“ताई, तिला तिथे एकटं ठेवणं म्हणजे पाप आहे,” उदय म्हणाला होता. कर्जतजवळच्या एका वृद्धाश्रमात त्याने तिच्यासाठी बागेकडची खोली राखून ठेवली होती आणि सोमवारी त्यांना होकार कळवायचा होता. “तू फक्त बघून ये. तू म्हणालीस की ती ठीक नाही, तर मी तिकीट काढून तिला आणायला जातो. तुझ्या शब्दावर ती वाद घालायची नाही.”

थोडक्यात, पन्नास वर्षे जिथे काढली ते शहर आत्याला सोडावे लागणार की नाही, हे मी त्या शनिवार-रविवारात ठरवायचे होते. एका मेंदूविकारतज्ज्ञ मैत्रिणीकडून मी चाचणीचे नेहमीचे प्रश्न शिकून घेतले होते. ते गप्पांच्या ओघात, आत्याच्या लक्षात न येता विचारायचे असा माझा बेत होता. आत्याचा बेत वेगळा होता. तिला मला शहर दाखवायचे होते: खायचे, दुकाने पालथी घालायची आणि रात्री नाचायला जायचे.

“नाचायला?” मी विचारले.

“मग काय, भजनाला? शनिवार आहे गो.”

मासे घरी ठेवून आम्ही पुन्हा मोठ्या रस्त्याला लागलो. आत्या पावलोपावली थांबत होती आणि लोकही तिच्यासाठी थांबत होते. “आता घड्याळजीच्या दुकानापाशी वळायचं,” ती म्हणाली. वळणावर घड्याळजी नव्हता. मोबाइलची वेष्टने विकणारे एक दुकान होते. मी मनात एक चूक नोंदवली. तेवढ्यात त्या दुकानाच्या पायरीवर उभी असलेली विशीतली एक मुलगी फोनवर कोणाला तरी ओरडून सांगू लागली की ती घड्याळजीपाशीच उभी आहे आणि गेली दहा मिनिटे उभी आहे. आमच्याकडेही पाडून टाकलेल्या थिएटरांच्या नावाने बसथांबे चालतात, हे मला आधी आठवायला हवे होते. मी नोंद खोडली.

पुढे जुन्या कपड्यांचे एक दुकान लागले. लोक आपले वापरलेले कपडे तिथे देऊन टाकतात आणि विक्रीतून आजारी माणसांची शुश्रूषा चालते. आत्याने पिसे लावलेली एक टोपी डोक्यावर चढवून आरशात पाहिले. “कोंबडा दिसतेय,” असे स्वतःबद्दल मत देऊन ती परत ठेवली. मग माझ्या अंगावर करड्या लोकरीचा एक जाड कोट लावून पाहू लागली.

“आत्या, बंगळुरूत हा घालून मी मरेन.”

“इथे घालायला. इथला हिवाळा तुला ठाऊक नाही.”

“मी परवा जाणार आहे. आणि आत्ता जून चालू आहे.”

“परत येशील तेव्हा,” ती म्हणाली. दुकान सांभाळणाऱ्या उंच, पांढऱ्या केसांच्या बाईने कोटाच्या बाह्या माझ्या मनगटांपर्यंत ओढून पाहिल्या आणि एखादी हवापाण्याची गोष्ट विचारावी तसे विचारले, “तुम्ही कुंड्यांतली झाडं जगवता का हो?”

“दोन आहेत. दोन्ही जिवंत आहेत.”

“बोलता त्यांच्याशी?”

“नाही. पाणी घालते.”

त्या बाईने आत्याकडे पाहून मान डोलावली. ग्लासगोचे लोक अनोळखी माणसालाही वाटेल ते विचारतात, एवढाच निष्कर्ष मी काढला.

दुपारी आम्ही आल्दोच्या कॅफेत बसलो. आल्दोचे आजोबा इटलीतून आले आणि त्यांनी ह्या रस्त्यावर आइस्क्रीमचे दुकान काढले. नातवाचे केस आता पिकले होते, पण त्याच्या इंग्रजीचे हेल अस्सल ग्लासगोचे होते. त्याने आमच्यापुढे दोन बश्या ठेवल्या. दोन वेफरांच्या मध्ये आइस्क्रीमची वीट, त्यांतला एक वेफर जाड, आत नुगा म्हणजे साखर-अंड्याची मऊ मिठाई भरलेला आणि कडा चॉकलेटमध्ये बुडवलेल्या. हा पदार्थ वितळण्याच्या वेगाहून अधिक वेगाने खावा लागतो. मला ते जमले नाही. आत्याला जमले.

“तुम्हाला राग लवकर येतो का?” आल्दोने मला हातपुसणे देत विचारले.

“रागावून आकडे बदलत नाहीत,” मी म्हणाले. “म्हणून सवय राहिलेली नाही.”

आत्याने ओठांवरचे आइस्क्रीम टिपले. “मम्मा कशी आहे रे, आल्दो?”

“विश्रांती घेतेय, मिसेस राणे.”

“आणि गुडघे?”

“आता अजिबात दुखत नाहीत.”

“बरं झालं बाई. फार सोसलं तिनं.”

आत्या हात धुवायला आत गेली. आल्दो टेबल पुसत राहिला. टेबल आधीच स्वच्छ होते.

“आई जाऊन चार वर्षं झाली,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मिसेस राणे शेवटच्या रात्री तिच्या उशाशी होत्या. डोळे त्यांनीच मिटवले.”

मी चमचा खाली ठेवला. “हे किती वेळा होतं?”

“आता आठवड्यातून एकदा. गेल्या वर्षी महिन्यातून एखाद्या वेळी व्हायचं.”

“एरवी त्यांना आई गेल्याचं आठवतं?”

“एरवी त्याच मला तिच्या पुण्यतिथीची आठवण करून देतात.”

“आणि तुम्ही दर वेळी हेच उत्तर देता?”

“ह्यात खोटं काय आहे?” आल्दो म्हणाला.

मी तपासून पाहिले. खोटे काही नव्हते. पण जे शोधायला मी आले होते ते मला सापडले होते आणि सापडल्याचा जो आनंद प्रयोगशाळेत होतो तो इथे झाला नाही. आत्या परत आली, तिने आल्दोच्या गालावर थोपटले आणि आम्ही बाहेर पडलो.

संध्याकाळी नाचाच्या सभागृहाजवळ एका पंजाबी माणसाच्या टपरीवजा दुकानात तिने मला हॅगिसची भजी खायला घातली. हॅगिस म्हणजे मेंढीचे काळीज, फुप्फुस आणि ओटची भरड. ते सारे बेसनात बुडवून तळलेले.

“मेंढीच्या पोटातलं काहीही असो, बेसनात घातलं की आपलं झालं,” आत्या म्हणाली. “खा. पुन्हा कधी मिळेल?”

“तू म्हणालीस मी परत येणार आहे.”

“तेव्हा परत खा.”

स्कॉटलंडमध्ये जूनचा सूर्य मावळायचे मनावर घेत नाही. आम्ही सभागृहात शिरलो तेव्हा घड्याळाप्रमाणे रात्र झाली होती, पण पश्चिमेच्या उंच खिडक्यांतून पिवळे ऊन लाकडी जमिनीवर आडवे पडले होते. एके काळी ते चर्चचे सभागृह होते. आता तिथे दर शनिवारी ‘केली’ नावाचा नाच होतो. केली म्हणजे गावजेवणासारखा गावनाच: अकॉर्डियन, व्हायोलिन, ढोल आणि व्यासपीठावरून पुढचे पाऊल कोणते ते ओरडून सांगणारा एक गृहस्थ. कॉलेजची पोरे होती, आजोबा होते, पुरुषांचे चुण्यांचे घागरे, म्हणजे किल्ट होते, बनियनही होते. मोइरा लाल झगा घालून आली होती. आल्दोने केसांना तेल लावले होते. कोटवाली बाईसुद्धा भिंतीपाशी उभी होती.

“मला येत नाही हे,” मी आत्याला सांगितले.

“यायला नकोच. तू फक्त उभी राहा, फिरवायचं काम बाकीचे करतात.”

त्या नाचात पुरुष एका रांगेत आणि बायका त्यांच्यासमोर दुसऱ्या रांगेत उभ्या राहतात. मग एक जोडी टोकाला गिरकी घेते, आणि त्यातली बाई पुरुषांच्या रांगेतून खाली सरकू लागते: एका परक्याच्या कोपरात कोपर अडकवून एक फेरा, मग आपल्या जोडीदाराबरोबर एक, पुन्हा पुढच्या परक्याबरोबर एक. वेग वाढतच जातो. माझी पाळी आली तेव्हा मी दिशा, अंतर आणि आत्मसन्मान हे तिन्ही गमावले. पण खाली पडले नाही. कारण एक कोपर सुटण्याआधी दुसरे येऊन अडकत होते.

आत्या आल्दोची जोडीदार होती. पहिले काही फेरे तिने असे घेतले की मला माझ्या कामाचा विसर पडला. मग रांगेच्या मध्यावर ती थांबली. आल्दोकडे तिची पाठ होती. हात अर्धवट उचललेला होता आणि चेहरा कोरा होता. आपण कुठे आहोत, हे संगीत कशाचे, यातले काहीच त्या चेहऱ्यावर नव्हते. मी रांग सोडून पुढे झाले. मी पोचण्याआधी एका दाढीवाल्या अनोळखी माणसाने हात लांब करून तिचे कोपर पकडले, तिला वळवले, आल्दोकडे दिले. आल्दोने पुढच्याकडे दिले. ढोलाचा एक ठोकाही चुकला नाही. रांगेच्या टोकाला पोचली तेव्हा ती खदखदून हसत होती.

मला नोंद करायची होती. पण चूक नेमकी कधी सुरू झाली आणि कुठे संपली, हे मला सांगता येईना.

नंतर मी पाणी प्यायला गेले असताना मोइरा, आल्दो आणि ती कोटवाली बाई आत्याभोवती डोकी जुळवून उभी दिसली. मी जवळ जाताच ती पांगली.

रविवारी आत्याने मला शहराच्या पूर्व भागातल्या बाजारात नेले. हा बाजार फक्त शनिवार-रविवारी भरतो. जुनी घड्याळे, बिनजोडीचे बूट, पडदे, ग्रामोफोनच्या तबकड्या, आणि हे सारे विकणाऱ्यांचा अखंड आरडाओरडा. आत्याने बशीभर शिजवलेल्या काळ्या शिंपल्या घेतल्या, त्यांवर व्हिनेगर शिंपडले आणि आम्ही एका बाकावर बसलो.

“ह्याला ओलं खोबरं हवं,” ती म्हणाली. “बाकी मासा चांगला आहे. आता विचार.”

“काय विचारू?”

“ते कालचं. सकाळी चहाला तू ती घोड्याची गोष्ट सांगितलीस ना? घोडा, छत्री आणि...” तिने शिंपली उलगडली. “तिसरं गेलं. गोष्ट पण भिकार होती गो.”

तीन शब्द तिच्या लक्षात राहतात का, हे बघण्यासाठीच ती गोष्ट मी रचली होती.

“शंभरातून सात वजा करायला पण लाव ना. त्र्याण्णव. शहाऐंशी.” ती थांबली. समोरचा विक्रेता पडद्यांचा भाव ओरडत होता, आत्याचे ओठ हलत होते, आणि मी नकळत मनात ‘एकोणऐंशी’ म्हणत होते, जणू मी म्हटल्याने तिला ऐकू जाणार होते. “पुढचं मार्चपासून येत नाही,” ती शेवटी म्हणाली.

“तुला माहीत आहे?”

“अगो, मी माणसं येताना बघितली, जाताना बघितली. स्वतःचं कळायचं नाही? मार्चमध्ये मीच डॉक्टरकडे गेले. त्यांनी डोक्याची चित्रं काढली, नाव सांगितलं. उदयला बोलले नाही. तो रडतो.”

“आत्या, मला काल आल्दोनं सांगितलं की—”

“मीच सांगायला लावलं त्याला. मी त्याच्या आईबद्दल विचारते, हे त्यानंच मला एकदा धीर करून सांगितलं. म्हटलं, माझी भाची हेमा येईल तेव्हा तिला सांग आणि ती काय करते ते बघ.” तिने हात पुसले. “काल दिवसभर दाखवून आणलं ना?”

“हो. शहर सुंदर आहे.”

“शहर नाही गो. तुला. तुला दाखवून आणलं.”

मला अर्थ लागायला वेळ लागला. तिने तो वेळ दिला.

“लग्नाच्या वयात एका कार्यक्रमाला बसली नाहीस. ‘मी काय काट्यावर ठेवायची वस्तू आहे का,’ म्हणून दादाला फाडफाड बोललीस. त्यानं बिचाऱ्यानं ट्रंककॉल करून मला ऐकवलं. आणि आता ह्या वयात, पोह्यांशिवाय, अख्ख्या रस्त्यानं बघून घेतलं तुला.”

“कशासाठी?”

“एक दिवस मला ठरवता येणार नाही. कुठे राहायचं, काय खायचं, कुणाचं ऐकायचं. इथे कायद्यानं आधीच माणूस नेमून ठेवता येतो. पण नुसता मला पसंत असून काय उपयोग? मला रोज बघणार ते. फोन करणार ते. त्यांना पसंत हवा.”

“आणि?”

“मोइरा म्हणाली, हसते कमी, पण विचारल्याशिवाय धावत नाही. त्या कोटवालीला तुझी झाडं आवडली. आल्दो म्हणाला, ही पहिली बाई जी मला ‘अरेरे’ म्हणाली नाही. किती वेळा होतं, ते विचारलं.”

आयुष्यात मी हजारो उपकरणे तपासली आहेत. तपासताना समोरच्या उपकरणाकडून आपलेही उपकरण तपासले जात असते, हे मी विद्यार्थ्यांना दर वर्षी सांगते.

“उदय का नाही?” मी विचारले.

“उदय गुणाचा आहे. पण त्याला माझी दया येते. दया आली की माणूस आधी तिकीट काढतो. तू पुरावा मागशील. पुरावा नसेल तोवर मला कुणाला हलवू द्यायची नाहीस, उदयला पण नाही. आणि पुरावा मिळाला की गळा काढून बसायची नाहीस. हलवशील.” तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याला व्हिनेगरचा वास होता. “मला दोन्ही हवंय, हेमा. नुसतं अर्धं नको.”

“मी नाही म्हटलं तर?”

“तर दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला आणीन. विसरायच्या आत.”

ती हसली. मला हसता आले नाही.

“मी उदयशी खोटं बोलणार नाही, आत्या.”

“तेच तर मी मोइराला सांगितलं,” ती म्हणाली आणि उरलेली शिंपली माझ्यापुढे केली.

उदयला मी त्याच संध्याकाळी फोन लावला. आत्या समोर बसून तळलेल्या बांगड्याचे काटे काढत होती आणि ऐकत नसल्याचे सोंग करत नव्हती.

“काय ताई? काय परिस्थिती?”

“आजार आहे. सुरुवातीचा. निदान मार्चमध्येच झालंय.”

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. “मी म्हणालोच होतो. उद्या कर्जतला होकार कळवतो आणि तिकीट बघतो.”

“नको.”

“म्हणजे?”

“आजार आहे हे निरीक्षण झालं. तिला इथून न्यावं हा निष्कर्ष झाला. मधला पुरावा माझ्याकडे नाही. ती शिजवते, फिरते, माणसं ओळखते, आणि चुकते तेव्हा तिला सावरायला माणसं आहेत. कर्जतला तिला कोण ओळखतं?”

“अगं पण उद्या वाढला आजार, तर बंगळुरूत बसून तुला कळवणार कोण?”

“एक मासेवाली,” मी म्हणाले. “आणि एक आइस्क्रीमवाला.”

“ताई, तुला वेड लागलंय का?”

“ती शंका तपासून झाली आहे. त्यांनी पास केलंय मला.”

आत्याने माझ्या ताटात काटे काढलेला तुकडा ठेवला.

मोइराचा खरा फोन यायला पुढे तीन हिवाळे जावे लागले. मधल्या काळात ती अधूनमधून फोन करायची, पण ते फोन हवापाण्याचे असत. हा वेगळा होता. तिने मला हेन म्हटले नाही.

“नक्की काय झालंय?” मी विचारले.

तिने क्रमाने सांगितले. आत्या पहाटे बर्फात रात्रीच्या झग्यावर बाहेर पडली होती. इस्पितळात जायचे होते, एक बाळंतीण अडली होती. बसथांब्यावर आल्दोला सापडली, पायांत चपला नव्हत्या. आठवड्याभरात पुन्हा तेच झाले. मधल्या दिवसांत शेगडीवर रिकामे पातेले जळून गेले. मी प्रत्येक गोष्ट पुन्हा एकदा विचारली, आल्दोशी बोलले, डॉक्टरांशी बोलले. मग निघाले.

तिला मी राजापूरला नेले नाही आणि कर्जतलाही नाही. त्याच मोठ्या रस्त्याच्या टोकाला एक शुश्रूषागृह होते, मोइराला दुकान बंद करून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. उदय त्या वर्षीच्या गणपतीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. नंतर तो स्वतः जाऊन आला, मोइराच्या दुकानात उभा राहून रडला, आणि तेव्हापासून त्याने ह्या विषयावर मला एक शब्द विचारलेला नाही.

पण मला सांगायची आहे ती निघायच्या सकाळची गोष्ट. मोइरा खाली गाडी घेऊन थांबली होती. पिशवी भरून झाली होती. आत्या पलंगाच्या कडेला बसली होती आणि मी तिच्यासमोर गुडघे टेकून तिच्या कोटाची बटणे लावत होते. पुरावा पूर्ण होता, निर्णय बरोबर होता. त्याविषयी मला तेव्हा शंका नव्हती आणि आजही नाही. तरीही बटण काजात जाईना. मी तेच बटण तीनदा लावून पाहिले. तिन्ही वेळा निसटले.

आत्यानेही ते पाहिले. मग माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. तिने मला ओळखले नव्हते. आल्यापासून एकदाही ओळखले नव्हते. पण तिची पाठ ताठ झाली. तिने माझे मनगट हातात घेतले आणि दोन बोटांनी नाडी शोधली.

“पहिलीच खेप का गो, बाय?” तिने विचारले.

मी मानेने हो म्हणाले.

“घाबरायचं नाही. सगळ्याच घाबरतात.” तिने नाडी सोडली, हात मात्र धरून ठेवला, आणि माझ्याआधी उठून उभी राहिली. “ऊठ. बसून राहिलं की जास्त दुखतं. आपण चालत चालत जाऊ, मी आहे.”

आम्ही जिना उतरू लागलो.